दुसरी बाजू धरा

हाडांच्या वॉर्डात एकाच आडनावाच्या दोन सिस्टर होत्या, म्हणून एक थोरल्या झाल्या आणि दुसरी धाकटी. दोघींत आई-मुलीएवढं अंतर. थोरल्यांनी साठी ओलांडली होती. केस पिकले होते आणि ते त्यांनी रंगवले नव्हते, कारण डोक्याला रंग फासून गप्प बसून राहणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. आवाज असा, की वॉर्डाच्या या टोकाला "कोण उठलं रे तिकडे?" म्हटलं की त्या टोकाचा पेशंट मुकाट्यानं परत आडवा व्हायचा. नव्या पोरी त्यांच्या माघारी त्यांना सासूबाई म्हणत. थोरल्यांना ते ठाऊक होतं. एकदा औषधांच्या ट्रॉलीमागून त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, "सासूबाई म्हणता, तर निदान चहाचं तरी विचारत जा." त्या दिवसापासून त्यांना चहा वेळेवर मिळू लागला.

त्या वयाच्या सिस्टर रुग्णालयात बऱ्याच होत्या. नव्या मुली शिकून यायच्या, वर्ष-दोन वर्षं हात बसवायच्या आणि जास्त पगार मिळेल तिकडे निघून जायच्या, कुणी दुसऱ्या शहरात, कुणी थेट परदेशात. मागे उरायच्या त्या जुन्या. निवृत्तीनंतर रुग्णालय त्यांना वर्षावर्षाच्या मुदतीवर ठेवून घेई. निम्म्याअधिक वॉर्डांचा गाडा या बायकाच ओढत होत्या, पण तसं कुणी बोलून दाखवत नसे. "तुमच्यासारख्या अनुभवी सिस्टर आहेत म्हणून चाललंय," एवढं मात्र सगळे म्हणत. हे वाक्य कानावर पडलं की थोरल्यांना कळायचं, आता आणखी काहीतरी गळ्यात पडणार.

गुडघे कुरकुरत होते, ही गोष्ट खरी. गणवेशाच्या आत दोन्ही गुडघ्यांना घट्ट पट्टे असत. संध्याकाळी पाय सुजत म्हणून बूट एक नंबर मोठे घेतलेले. वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट पेशंटच्या खाटांनाच पुरत नसे. जिना चढताना थोरल्या कठडा धरायच्या, आणि शेवटच्या पायरीवर कुणी पाहायच्या आत हात सोडायच्या.

हाडांच्या वॉर्डातलं खरं काम उचलण्याचं. ज्याचं मांडीचं हाड मोडलंय तो माणूस स्वतः कुशीवर वळत नाही. त्याला वळवावं लागतं, पुसावं लागतं, त्याच्याखालची चादर बदलावी लागते, खाली घसरला की वर ओढावं लागतं. पूर्वी त्यासाठी मामा आणि मावश्या असत. रुग्णालयात मदतनीसांना मामा-मावशीच म्हणायची रीत होती. मग शेजारी नवी इमारत झाली, तिथं एकेका माणसाला स्वतंत्र खोली, आणि वॉर्डातले मामा एकेक करून तिकडे गेले. सकाळच्या पाळीला भरलेला वॉर्ड आणि दोन सिस्टर, कधी एकच. मग काय, ज्या होत्या त्याच उचलू लागल्या.

अशाच एका सकाळी एक ट्रक ड्रायव्हर खाटेवरून घसरला. माणूस पहाडासारखा. मांडीत सळई घातलेली, पाय जाड पट्ट्यांत बांधलेला. पाण्याचा तांब्या घ्यायला कलंडला आणि तोल गेला. थोरल्या शेजारच्याच खाटेपाशी होत्या. त्यांनी पुढं होऊन त्याला छातीवर झेलला आणि तसाच रेटून परत गादीवर टाकला. त्याला काही झालं नाही. थोरल्यांच्या कमरेत मात्र अशी चमक भरली, की त्या खाटेची दांडी धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"सिस्टर, लागलं का कुठं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"तुम्ही आधी हलू नका," थोरल्या म्हणाल्या. त्यांनाही हलता येत नव्हतं.

त्या दिवशी त्यांना चाकाच्या खुर्चीतून खाली आणावं लागलं. ज्या लिफ्टमध्ये त्या कधी जात नसत, तिच्यातून.

घरी आल्यावर मुलानं खुर्ची पुढं ओढली आणि आईच्या समोर बसला. मोठा अधिकारी होता, बैठकीत बोलावं तसं बोलायची त्याला सवय होती.

"आई, आता बस झालं. तुला काय कमी आहे? लोक मला विचारतात, तुझी आई अजून नोकरी करते?"

"मग काय सांगतोस?"

"काय सांगणार?"

"सांग, ऐकत नाही म्हणून."

सून दाराशी उभी होती. ती हसू दाबत आत गेली.

"हसण्यावारी नेऊ नकोस," मुलगा म्हणाला. "तू घरी बसलीस तर काय बिघडणार आहे?"

उत्तर थोरल्यांच्या नवऱ्यानं दिलं. ते कारखान्यात लेथवर होते. निवृत्त झाल्यापासून घरातला स्वयंपाक तेच करत. हातातलं पातेलं पुसत ते बाहेर आले. "काय बिघडतं ते मी सांगतो. मला घरी बसवलं तेव्हा मी कितीतरी महिने त्या खिडकीत होतो. समोरच्या इमारतीत कोण कधी कपडे वाळत घालतं ते मला पाठ झालं होतं. तुझ्या आईनं मला स्वयंपाकाला जुंपलं नसतं, तर अजून तिथंच असतो. तिला बसवायचं तर आधी तिच्यासाठी एक खिडकी शोध."

मुलाला ते पटलं नव्हतं. थोरल्या उताण्या पडून छताकडे बघत होत्या. कंबर ठणकत होती. मुलगा चुकीचं बोलतोय असंही त्यांना छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं, की तिकडे वॉर्डात सकाळची तापमानं घेऊन झाली असतील, कुणीतरी ड्रेसिंगची ट्रॉली लावली असेल, आणि आपण इथं आहोत हे आपल्याला मानवत नाहीये.

कंबर सुधारली. डॉक्टरांनी हळूहळू कामाला लागा म्हणून सांगितलं. पहिल्या दिवशी त्या जिन्याकडे वळल्या, तेव्हा मेट्रननं हाक मारून खोलीत बोलावलं.

मेट्रन आणि थोरल्या एकाच वर्षी शिकायला आलेल्या. वसतिगृहात एका खोलीत राहिल्या, एका आरशासमोर केस विंचरले. पुढं एक कचेरीच्या टेबलाकडे गेली, एक वॉर्डातच राहिली. चारचौघांत दोघी एकमेकींना अहो-जाहो करत, दार लोटलं की अगं-तुगं.

"तुला तळघरात दिलंय," मेट्रन म्हणाली. "चादरींच्या खोलीत. बसून काम आहे. गणवेश, अभ्रे, चादरी मोजून द्यायच्या. जिना नाही, उचलणं नाही."

"मी बसायला येते का इथं?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच केलंय. वय झालंय आपलं."

थोरल्यांनी वाद घातला नाही. कमरेवर अजून पूर्ण भरवसा नव्हता, आणि मैत्रिणीनं मनापासून केलं होतं हेही दिसत होतं. त्या तळघरात गेल्या. खोली थंड, खिडकी वर छताजवळ, आणि तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. त्या चादरींच्या घड्या घालायच्या. एक घडी झाली की दुसरी. दुपारपर्यंत कुणी बोलायला नसे, आणि ज्या बाईच्या आवाजानं पेशंट आडवे व्हायचे, तिचा आवाज तिथं कुणावर चालणार? त्या चादरींनाच दटावू लागल्या. "सरळ हो गं," असं एका दुमडलेल्या चादरीला म्हणताना त्यांचं त्यांनाच ऐकू आलं, आणि त्या दिवशी त्या थोड्या घाबरल्या.

मग एके दिवशी धाकटी खाली आली. तिला दिवस गेले होते, पाचवा महिना. एक हात कमरेवर, एक भिंतीला. वॉर्डातल्या चादरी संपल्या होत्या आणि आणायला मावशी नव्हती, म्हणून तीच आली होती. थोरल्यांनी स्टूल पुढं केलं. तिनं बसताना जो चेहरा केला, तो थोरल्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. गेले कितीतरी दिवस तो त्यांनी घरच्या आरशात पाहिला होता.

"कधीपासून?"

"झाले काही दिवस."

"माझ्या जागी कोण आलंय?"

"कुणी नाही."

"म्हणजे सकाळी तू एकटी? आणि त्या ड्रायव्हरला कुशीवर कोण वळवतं?"

धाकटी अभ्र्यांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिली. "मीच वळवते. दुसरं कोण आहे?"

थोरल्यांच्या डोक्यात सणक गेली. आपल्याला खाली आणलं ते वय झालं म्हणून, असं त्या धरून चालल्या होत्या. वाईट वाटत होतं, पण मनात कुठंतरी मान्यही केलं होतं. आणि ही पोर पंचविशीची. हिची कंबर कुठल्या वयानं गेली?

त्यांनी चादरींचा गठ्ठा मधून अर्धा केला, एक भाग दारावरून जाणाऱ्या इलेक्ट्रिशियनच्या हातात दिला, एक स्वतः घेतला, आणि वॉर्डात पोचवून तशाच मेट्रनच्या खोलीत शिरल्या. दार आतून लोटलं.

"मला वर पाठव."

"अगं, तुझी पाठ..."

"माझ्या पाठीचं राहू दे. त्या पोटुशी पोरीची पाठ गेलीय. तिचंही वय झालंय का?"

मेट्रननं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला कळत नाही का? मी व्यवस्थापक साहेबांकडे माणसं मागितली. नव्या इमारतीतून एक मामा द्यायला ते तयार नाहीत. मी काय करू?"

"तू काही करू नकोस. मी करते. मी वर जाणार, सगळं काम करणार. पण एकटी उचलणार नाही. आणि माझ्या वॉर्डात कुणीच एकटं उचलणार नाही. पेशंटच्या खालच्या चादरीची एक बाजू मी धरेन, दुसरी धरायला माणूस लागेल."

"आणि माणूस नसलं तर?"

"तर तुला फोन करेन."

माणसांची टंचाई एवढी होती, की मेट्रनला नाही म्हणणं परवडणारं नव्हतं. हाडांच्या डॉक्टरांनी थोरल्यांना वाकवून, वळवून पाहिलं आणि हिरवा कंदील दिला. दुसऱ्या दिवशी त्या कठडा धरून तिसऱ्या मजल्यावर हजर.

पुढचे दिवस वॉर्डात नुसता गोंधळ. खाटा वेळेवर आवरल्या जाईनात. नातेवाईक आवाज चढवू लागले. "काल एकट्या सिस्टरनं केलं, आज दोघी कशाला लागतात?" थोरल्या म्हणायच्या, "कालची सिस्टर आज घरी झोपलीय, कमरेला शेक घेत." फोन सतत हातात. "हाडांचा वॉर्ड. दुसरी बाजू धरायला कुणी आहे का?" टेलिफोनवरचा माणूस त्यांचा आवाज ऐकला की आधीच सुस्कारा सोडायचा. कधी मेट्रन कारकुनाला धाडायची, एकदा तर औषधांच्या दुकानातला माणूस चप्पल काढून चादर धरायला आला. कुणीच आलं नाही, तर थोरल्या खाटेपाशी उभ्या राहून वाट बघायच्या.

ते वाट बघणं सोपं नव्हतं. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारे शिंपी होते, खुब्याचं हाड मोडलेले. अंगानं काडीसारखे. एकदा त्यांची गादी ओली झाली आणि दुसरं माणूस येईना. थोरल्यांनी त्यांच्या खांद्याखाली हात घातलासुद्धा. एवढ्याशा जिवाला त्यांनी सहज उचललं असतं. मग मान वर केली, तर धाकटी आणि दोन नव्या पोरी बघत होत्या. थोरल्यांनी हात काढून घेतला. आज यांना उचललं, तर उद्या त्या पोरी ड्रायव्हरला उचलणार.

त्या शिंप्यांच्या उशाशी उभ्या राहिल्या. "बाबा, तुम्ही ओल्यात पडलात त्याला कारण मी आहे. दुसरं कुणी नाही. इथं माणसं मिळावीत म्हणून मी अडून बसलेय."

म्हातारबाबांनी डोळे मिटले. "मग लवकर मिटवा, बाई. गार लागतंय."

त्या दिवशी घरी जाऊन थोरल्या जेवल्या नाहीत. नवऱ्यानं ताट झाकून ठेवलं. सून मात्र शेजारी येऊन बसली. "आई, सोडून द्यावंसं वाटतंय का?"

"वाटतंय."

"मग?"

"मग काही नाही. उद्या सकाळची पाळी आहे."

त्यानंतर दोन-चार दिवसांत प्रकरण टोकाला गेलं. ड्रायव्हरच्या जखमेत पू झाला होता, पाय परत उघडून साफ करायचा होता. ऑपरेशनची खोली तयार, डॉक्टर हात धुवून उभे. ड्रायव्हरला खाटेवरून ट्रॉलीवर घ्यायचं होतं, आणि त्या देहाला चादरीसकट उचलायला निदान चौघं हवीत. वॉर्डात थोरल्या, धाकटी आणि एक नवी पोर, आणि धाकटीला थोरल्या आता उचलू देत नव्हत्या. थोरल्यांनी फोन केला. ऑपरेशनच्या खोलीतून फोन आला. थोरल्यांनी परत फोन केला.

या वेळी मेट्रन स्वतः आली, आणि तिच्या पुढं रुग्णालयाचे व्यवस्थापक. सगळे त्यांना साहेब म्हणत. कपडे कडक इस्त्रीचे, चेहराही तसाच.

"काय चाललंय हे? तुमच्यामुळे डॉक्टर खोळंबलेत."

"माझ्यामुळे नाही, साहेब. दोन माणसं कमी आहेत, त्यामुळे."

"इतकी वर्षं तुम्हीच उचलत होता ना?"

"उचलत होते. त्याचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर मला तळघरात पाठवलं होतं."

साहेबांचा आवाज चढला. "हे बघा, वय झालं की काही गोष्टी होत नाहीत. ते मोकळ्या मनानं मान्य करायचं आणि घरी आराम करायचा. आम्ही कुणाला जबरदस्तीनं ठेवलेलं नाही."

खाटाखाटांवरून माना वळल्या. शिंप्यांनीसुद्धा मान वळवली. थोरल्या साहेबांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"वय झालंय, मान्य आहे," त्या म्हणाल्या. "लपवत नाही. पण ही सिस्टर पंचविशीची आहे आणि तिची पाठ माझ्यासारखीच गेलीय. पलीकडच्या वॉर्डातल्या एका पोरीचा खांदा गेलाय. आम्हाला सगळ्यांना घरी बसवा हवं तर. मग हे पेशंट कोण सांभाळणार तेवढं सांगून जा. मी उद्यापासून येणार नाही असं मी म्हटलेलं नाही. मी येणार. रोज येणार. फक्त एकटी उचलणार नाही. तुमचं वय काय, साहेब? चाळिशीच्या आसपास ना? मग या. दुसरी बाजू धरा."

साहेब मेट्रनकडे वळले. तिनं काहीतरी सावरून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा असावी. मेट्रननं मनगटावरचं घड्याळ काढलं, खिशात टाकलं, आणि खाटेच्या पलीकडे जाऊन चादरीची कड मुठीत गुंडाळली. टेबलाकडे गेल्यापासून तिनं चादर धरली नव्हती, पण मूठ बरोबर बसली.

"साहेब, माझ्या शेजारी या," ती म्हणाली.

डॉक्टर खोळंबले होते. सगळा वॉर्ड बघत होता. साहेबांनी बाह्या दुमडल्या.

धाकटी पुढं सरसावली, तिला थोरल्यांनी हातानंच थांबवलं. "तू नाही. तू फक्त मोजायचं."

एका बाजूला मेट्रन आणि साहेब, दुसऱ्या बाजूला थोरल्या आणि नवी पोर.

"साहेब, कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका," ड्रायव्हर खालून म्हणाला. "सिस्टर रोज ओरडतात सगळ्यांना."

धाकटीनं मोजलं. तीनला चौघांनी उचललं, आणि ड्रायव्हर अलगद ट्रॉलीवर गेला. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता. ते ओणवे होऊन श्वास घेत राहिले. कुणी हसलं नाही.

"एवढा जड असतो माणूस?" त्यांनी कुणाला तरी विचारल्यासारखं विचारलं.

"हा जरा जास्त आहे," थोरल्या म्हणाल्या. "पण हलका कुणीच नसतो."

आठवडाभरात दोन मामा वॉर्डात परत आले. सकाळसाठी दोघं. दुपारच्या पाळीला अजून कुणी नव्हतं, त्यासाठी थोरल्यांचे फोन चालूच राहिले. बायकांच्या वॉर्डातल्या सिस्टरही मग एकटीनं उचलायला नकार देऊ लागल्या, आणि साहेबांना नव्या इमारतीसाठी वेगळी माणसं भरावी लागली.

साहेब झाला प्रकार विसरले नाहीत. थोरल्यांची मुदत संपत आली, तेव्हा त्यांनी मेट्रनला सांगितलं, की या बाईंना पुढं ठेवायचं नाही. मेट्रननं विचारलं, त्यांच्या जागी कोण येणार? साहेबांकडे नाव नव्हतं. "मग मलाही जाऊ द्या," मेट्रन म्हणाली, "मीही त्यांच्याच वयाची आहे." शेवटी मुदत वाढली, पण वर्षाची नाही, सहा महिन्यांची. थोरल्यांनी ती घेतली. सहा महिन्यांनी परत सहा महिन्यांची घेतली.

मुलगा एकदा आईला न्यायला वॉर्डात आला होता. दारात उभा राहून त्यानं तिला पाहिलं. एका पोराला ती पहिल्यांदा कुबड्यांवर उभं करत होती, आणि पोर रडत होतं, आणि ती त्याला दटावत होती, आणि त्याच्या कमरेचा पट्टा तिच्या मुठीत घट्ट होता. मुलगा तिथंच बाकावर बसून राहिला. घरी जाताना गाडीत तो म्हणाला, "दुखत असेल तेव्हा सांगत जा. मी सोडायला येत जाईन."

"जिना चढायला येतोस का?"

"तेही येईन."

"नको. तो मी चढते."

धाकटी बाळंतपणानंतर परत आली. मेट्रन पुढच्या वर्षी आपण होऊन निवृत्त झाली. तिच्या निरोपाच्या दिवशी दोघी मैत्रिणी तिच्या रिकाम्या खोलीत चहा घेत बसल्या होत्या. टेबल आवरलेलं, खिळ्यावरची छत्रीसुद्धा काढून घेतलेली.

"आता मी नसेन मध्ये पडायला," मेट्रन म्हणाली. "तू कधी थांबणार आहेस?"

थोरल्यांनी कप खाली ठेवला. बाहेरून वॉर्डातली एक पोर त्यांना हाक मारत होती.

"ठरवलं की कळवेन," त्या म्हणाल्या. "तू मात्र रोज सकाळी फोन करून विचारत बसू नकोस. सकाळी मला वेळ नसतो."

आणि त्या उठून गेल्या.